एकोणिसाव्या थराची उभारणी

१

साडेदहाच्या घंटेआधी पाच मिनिटे मी मुलींच्या शाळेच्या फाटकातून आत जाई. पिशवीत वही, दोन पेन्सिली आणि फडक्यात बांधलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी. डिसेंबर सत्त्याहत्तरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हा क्रम एक दिवसही चुकला नाही. कासवखडकाच्या दीपगृहाला शंभर वर्षे होत होती आणि त्याची स्मरणिका लिहिण्याचे काम शाळेच्या समितीने माझ्याकडे दिले होते.

सोलापुरात दीपगृहाचे काय काम, असे बाहेरगावचे लोक विचारतात. समुद्र इथून दोनशे मैलांवर. पण त्या दीपगृहाचा दगडन् दगड इथे घडला. शाळेचे गोल दालन त्याच घडाईच्या आवारात, त्याच दगडांच्या फरशीवर आहे. माझी पत्नी शरणम्मा त्या दालनात बावीस वर्षे भूगोल शिकवत होती. जूनमध्ये ती आजारपणाच्या रजेवर गेली आणि ऑगस्टमध्ये वारली.

लिहायला बसेन तर त्याच दालनात, एवढी एकच अट मी घातली होती; शाळेने भूगोलाचे तास तेवढ्यापुरते दुसरीकडे हलवले. पहिल्या दिवशी गेलो तर तिची खुर्ची जागेवर नव्हती. टेबल होते, नकाशा टांगायची खुंटी होती, खुर्ची नव्हती. ती मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर, ताटकळणाऱ्या पालकांसाठी ठेवलेली होती. माणूस जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर.

"बाई तश्या बी कुटं बसत हुत्या खुर्चीवर," शिपाईण अकबरी म्हणाली. "सदा उब्याच."

मी खुर्ची स्वतः उचलून आत आणली.

बाहेर प्रार्थना संपली. अंगणात चारशे मुली 'सावधान'ला एकदम पाय आपटतात, तसा त्यांनी आपटला. आणि त्यानंतर, माझ्या पाठीमागे, दालनाच्या आत, 'टक' असा आवाज झाला. दगडाने दगडावर टेकावे तसा. एकदाच.

चारशे मुलींनी पाय आपटल्यावर जमीन हादरणारच, हे मला कळते. पण हादरा आणि आवाज एका वेळी यायला हवेत. हा आवाज मागाहून आला. वर्गातली एखादी मठ्ठ मुलगी सगळ्यांचे करून झाल्यावर करते, तसा.

दुसऱ्या दिवशीही तो मागाहूनच आला.

२

दालनाच्या कपाटात दीपगृह बांधणाऱ्या साहेबाचे इंग्रजी पुस्तक आहे. ते मी सावकाश वाचले.

कासवखडक किनाऱ्यापासून नऊ मैल आत. भरतीत तो पाण्याखाली जातो. ओहोटीत जेमतेम तीन तास उघडा राहतो आणि तेवढ्यात दगड बसवून, सांधे भरून, माणसांना होडीत चढावे लागे. तिथे छिन्नी चालवायला सवड नव्हती. म्हणून प्रत्येक थर आधी सोलापुरात जमिनीवर पुरा जुळवत. मधे एक वाटोळा दगड, त्याभोवती सोळा मोठे दगड, एकाची खाच दुसऱ्यात अडकवलेली. मग थर उकलून रेल्वेने मुंबईला आणि तिथून गलबताने खडकावर. असे सत्तेचाळीस थर.

थर नीट बसला की नाही हे तपासायची रीत साहेबाने कौतुकाने लिहिली आहे. ती त्याची नव्हे, इथल्या पाथरवटांची. सोळा दगडांवर सोळा माणसे उभी करायची. मुकादमाने मधोमध उभे राहून हाक द्यायची. हाकेसरशी सगळ्यांनी डावा पाय आपटायचा. कुठला दगड किंचितही डगमगत असला तर तो वाजतो. त्याला ते 'दगड बोलला' म्हणत. ज्याच्या पायाखालचा दगड बोलला त्याने तो पुन्हा घडवायचा. तीन हाकांना सगळे दगड गप्प राहिले की थर पास.

एकोणिसाव्या थराबद्दल पुस्तकात दोनच वाक्ये आहेत. 'हा थर पाठवला नाही. त्याच मापाचा दुसरा घडवून घेतला.' कारण दिलेले नाही. ज्या गृहस्थाने खडकावरच्या न्याहारीची अर्धे पान तक्रार लिहिली, त्याला इथे कारण लिहिण्याची गरज वाटली नाही.

न पाठवलेला तो थर इथेच राहिला. पन्नास वर्षांनी शाळा झाली तेव्हा आयती फरशी म्हणून त्याच्याभोवती भिंती उचलल्या.

३

शरणम्माने रजेवर जाताना शाळेला एक अर्ज दिला होता. घरी त्याची नक्कल नव्हती. स्मरणिकेत तिच्यावर चार ओळी लिहाव्यात म्हणून मी तो मागितला. मुख्याध्यापिका दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या. त्यांनी आवक नोंदीचे पुस्तक पुढे केले. त्यात होते ते असे :

'६ जून. श्रीमती शरणम्मा यांचा अर्ज. विषय : गोल दालनातील दगडावर उभारणेबाबत. निर्णय : निधी उपलब्ध नाही. दप्तरी दाखल.'

"निधी कशाचा?" मी विचारले.

"आता तुम्हीच सांगा. त्यांना त्या दगडावर काय उभारायचं होतं? आम्हाला वाटलं, पुतळा वगैरे असेल. शाळेकडे फळे रंगवायला पैसा नाही."

"तुम्ही अर्ज वाचलात?"

"अक्षर बारीक होतं हो त्यांचं. विषय वाचला."

मी चष्मा काढून पुसला. असे केले की आवाज चढत नाही, हा माझा अनुभव आहे.

"बाई, सोलापुरात माणूस उभारतो. तुम्ही उभ्या राहता, आमच्याकडची माणसं उभारतात. 'रांगेत उभारलोय' म्हणतात. तिला दगडावर उभं राहण्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं."

"माणूस उभारतो?" त्यांना हसू आवरेना. "अहो सर, इमारत उभारतात. तंबू उभारतात."

"पुण्यात."

त्या हसायच्या थांबल्या. अर्ज माळ्यावरच्या गठ्ठ्यात असेल, शोधायला सांगते, म्हणाल्या.

घरी येईपर्यंत मी संतापाने धुमसत होतो. एका आजारी बाईने बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाच काही मागितले. ते तिच्या भाषेत मागितले म्हणून कोणी वाचलेसुद्धा नाही. मात्र लिहायला बसलो आहे तर हेही लिहिले पाहिजे की त्या शब्दावरून तिला सर्वांत जास्त टोकले ते मी. ती अक्कलकोटकडची, कन्नड शाळेत शिकलेली. माझ्याही घरी कन्नडच, पण मी मराठी शाळेतला. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. तिचे मराठी सुधारणे हे मी आपले काम समजत होतो. 'उभारले नाही, उभी राहिले,' असे मी सव्वीस वर्षे म्हणत आलो.

शेवटच्या आठवड्यात तिला ग्लानी असे. एकदा डोळे उघडून तिने विचारले, "माज्या जागी कोन उभारलंय की?"

"बदली बाई आल्यात," मी म्हणालो.

"बरं," म्हणून तिने कूस बदलली.

४

जानेवारीत मी फरशी तपासली. भर दुपारी, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, ओले फडके घेऊन. वाजणारा दगड उत्तरेच्या भिंतीकडचा, नकाशाच्या खुंटीखालचा. मी त्यावर उभा राहिलो. हलला नाही. दोन्ही पायांनी हिसके दिले, तरी नाही. रुंदीला चार फूट आणि लांबीला त्याहून जास्त असा तो दगड माझ्या वजनाने हलावा असा नव्हताच. मग कोणीही उभे नसताना तो रोज कसा वाजत होता, हा प्रश्न होता. मी उंदीर म्हणालो, फरशीखालची पोकळी म्हणालो, उन्हाने दगड फुगतात असेही म्हणालो.

फडके फिरवल्यावर खुणा दिसू लागल्या. प्रत्येक दगडाच्या कडेला त्यावर उभ्या राहणाऱ्या पाथरवटाची खूण कोरलेली होती. त्रिशूळ, मासा, धनुष्य, दोन आडव्या रेघा, बैलाचे शिंग. अशा पंधरा खुणा. उत्तरेच्या दगडावर मात्र एक शून्य होते. वाटोळे, खालच्या बाजूला थोडे तुटलेले. शंभर वर्षांच्या पावलांनी तेवढा भाग झिजला असणार.

शून्य. म्हणजे कोणी नाही. पंधरा दगडांना माणसे, सोळाव्यावर कोणी उभे राहायचे नाही. थर का पाठवला नाही याचेही उत्तर त्यातच होते. एक दगड सदोष, त्यावर उभे राहणे धोक्याचे. आणि माझी पत्नी नकळत नेमकी त्याच दगडावर बावीस वर्षे उभी राहिली. तिला त्रास झाला असेल. तिने अर्ज केला. आणि शाळेने निधी नाही म्हणून कळवले.

सगळे जुळले. मला बरे वाटले, असे म्हणवत नाही. पण रागाला बसायला जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचलो तर अकबरी त्याच दगडावर उभी राहून निवांत मिसरी लावत होती.

"खाली उतर."

"झालं सर, एवडं दात घासून..."

"खाली उतर आधी. माझ्या बायकोच्या जागेवर मिसरी लावतेस?"

ती उतरली. चूळ भरून आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "बाईनंच सांगितलेलं. अकबरी, मी नसले की तितं जरा उभारत जा. म्हून मी रोज उभारते. नुसतंच काय उभारायचं, म्हून मिसरी."

"ती असं सांगेल? ज्या दगडाबद्दल तिनं अर्ज केला त्यावर तुला उभं राहायला सांगेल?"

"अर्जाचं मला काय म्हाईत न्हाय सर. मी आंगठेवाली बाई."

मी ते कामचुकार माणसाचे निमित्त समजलो. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले : 'या दगडावर कोणीही उभे राहू नये.' पाटी भिंतीला ठोकली आणि दोन बाके आडवी टाकून दगड अडवला. मुख्याध्यापिकांना लेखी कळवले. अकबरीने बाकांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्या दिवसापासून ती दालन झाडायला येईना. उंबऱ्यापर्यंत झाडी आणि परत जाई.

५

पाटी लावल्याला तीन दिवस झाले असतील. प्रार्थना होऊन तास उलटला होता, मुली वर्गात होत्या, अंगणात कावळाही नव्हता. दगड वाजला.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

मी वर पाहिले नाही. लिहीत राहिलो. आवाजाला आता एक रीत होती. होडीत चढणारा माणूस आधी एक पाय काठावर ठेवतो, भार देऊन बघतो, पाय काढून घेतो. तशी. मी मनात म्हणालो, होडीचे विचार करत बसलास तर होडीच ऐकू येणार. हे खरेही होते. त्या आठवड्यात मी खडकावर उतरण्याचाच भाग लिहीत होतो.

पुढे ते रोजचे झाले. सकाळी दोनदा, दुपारी भाकरी खाताना एकदा. दिवसेंदिवस दोन आवाजांमधले अंतर वाढत गेले. म्हणजे पाय जास्त वेळ टिकत होता. हे मी वहीत टिपले, घड्याळ लावून. आज ते पान वाचताना मला माझीच शरम वाटते. एवढे नेमके टिपणारा माणूस काय टिपतो आहे हे त्याला कळत नव्हते.

वीस फेब्रुवारीला आवाज थांबला. त्या दिवशी प्रार्थनेनंतर चारशे पाय आपटले आणि दगड गप्प राहिला. दुपारीही गप्प. माझ्या पाटीचा गुण, असे मला वाटले. कोणी उभे राहायचे बंद झाले, दगड जागी बसला. इतके साधे होते आणि इतक्या साध्या गोष्टीसाठी एका बाईला अर्ज करावा लागला.

फक्त एक गोष्ट वेगळी होती. गोल दालनात खोकले तरी आवाज घुमतो. वर्ग मुलींनी भरला की घुमत नाही, अंगे आवाज शोषून घेतात. त्या दुपारी मी खोकलो. दालनात मी एकटा होतो, आणि आवाज घुमला नाही.

६

समितीचे अध्यक्ष सोमलिंग शेठ चादरींचे व्यापारी. मोकळा, हसरा माणूस. शताब्दीच्या कार्यक्रमात थर तपासायची जुनी रीत मुलींकडून करून दाखवायची, ही त्यांचीच कल्पना. ती त्यांना माझ्याच लेखातून सुचली, हे माझे दुर्दैव.

"सोळा पोरी, सोळा फेटे, हातात लाकडी हातोड्या," ते बैठकीत म्हणाले. "मंद्रूपहून मल्लप्पाला बोलावलंय. त्याचा आजा तुमच्या त्या आवारात मुकादम होता. हाक तोच देणार. लोक बघत राहतील की."

"पंधरा," मी म्हणालो.

"काय पंधरा?"

"पंधरा मुली. उत्तरेच्या दगडावर कोणी उभी राहणार नाही."

"का वो? एक दात पडल्यागत दिसंल ते."

मी शून्याची खूण सांगितली. नोंदवहीतली ओळ वाचून दाखवली. ज्या दगडाबद्दल तक्रार आली आणि जी कोणी वाचली नाही, त्यावर एक मुलगी उभी केलीत तर मी स्मरणिकेचे हस्तलिखित घेऊन घरी जाईन, असेही सांगितले.

"सर, तुमी तर शून्यावरनं बी भांडताय," शेठ म्हणाले आणि सगळे हसले.

मी हसलो नाही. मुख्याध्यापिका खाली बघत होत्या. नोंदवहीतला निर्णय त्यांच्या अक्षरात होता.

"शेठ, तिच्या हयातीत तिचं कोणी ऐकलं नाही. मेल्यावर तरी ऐका."

त्यावर पंधरा मुली ठरल्या. आठवीतली सायराबानू सोळाव्या दगडावर उभी राहणार होती. लेझीममध्ये तिचा पाय सगळ्यांत नेटका पडे. तिला पंधराव्यावर घेतले आणि तिथल्या मुलीला वगळले. दगडाशेजारची बाके उचलली, पाटी राहू दिली. मी एकेक मुलीला दगडाच्या मधोमध उभे करून खडूने तिच्या पावलांभोवती रेघ काढली, कार्यक्रमात कोणी जागा चुकू नये म्हणून. दोघींमध्ये चार चार फुटांचे अंतर राहिले.

त्या संध्याकाळी मी घरी तिच्या फोटोसमोर बसलो आणि म्हणालो, झालं तुझं काम.

७

कार्यक्रम सत्तावीस तारखेला, सकाळी अकराला. दालनात भिंतीलगत खुर्च्या, दारांत आणि खिडक्यांत मुली. मल्लप्पाची एस.टी. उशिरा आली, म्हणून भाषणे आधी झाली. शेठ बोलत असताना मुख्याध्यापिका खुर्च्यांमागून माझ्याजवळ आल्या आणि एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

"सापडला," त्या हळूच म्हणाल्या. "मी वाचलाय आता. मला अजूनही कळलेला नाही, पण माझं चुकलं."

त्यांनी एवढे कबूल केले हे मी नोंदवून ठेवतो. अर्ज असा होता :

'विनंती की, गोल दालनातील उत्तरेकडील दगडावर मी गेली बावीस वर्षे शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत जमेल तितका वेळ उभारत आहे. तो दगड मोकळा ठेवण्याजोगा नाही. माझी रजा किती लांबेल हे सांगता येत नाही. तरी माझ्या जागी कोणी तरी एक उभारेल अशी व्यवस्था व्हावी. कोणीही चालेल. रविवारी हरकत नाही, त्या दिवशी मुली नसतात.'

पहिल्या वाचनात मला फक्त 'उभारत' आणि 'उभारेल' दिसले आणि सवयीने पेन्सिलीकडे हात गेला. दुसऱ्यांदा वाचले. मग शेवटचे वाक्य पुन्हा वाचले.

टाळ्या पडल्या. मल्लप्पा आला होता.

८

सत्तरी ओलांडलेला, काटक, पांढरा फेटा. शेठांनी हार घातला, तो त्याने लगेच काढून टेबलावर ठेवला आणि मधल्या वाटोळ्या दगडावर जाऊन उभा राहिला. पंधरा मुली जागेवर गेल्या. मी उठायला हवे होते. मी अर्ज हातात धरून बसून राहिलो. एवढ्या लोकांसमोर काय म्हणून उठायचे, असे मला वाटले. गेला महिनाभर मीच सगळ्यांशी भांडून ती जागा मोकळी ठेवून घेतली होती.

मल्लप्पाने हाक दिली. पाय पडले. एकच सणसणीत आवाज. दगड एकही बोलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मल्लप्पाने टाळ्यांकडे लक्ष दिले नाही. मान तिरकी करून तो थोडा वेळ थांबला आणि त्याने दुसरी हाक दिली. पुन्हा पाय पडले. या वेळी मलाही ऐकू आले. तेराचौदा वर्षांच्या मुलींचे अनवाणी पाय दगडावर चापट मारल्यासारखे वाजतात. त्या चापटींच्या खाली एक जड आवाज होता. मागाहून नव्हे. बरोबर वेळेवर.

मल्लप्पा वर्तुळातून बाहेर पडून थेट माझ्याकडे आला. कार्यक्रमाचा भाग असेल असे वाटून लोक कौतुकाने बघत राहिले.

"मास्तर, पोरी किती?"

"पंधरा."

"पाय सोळा पडलं." तो हळू बोलत होता. "त्यो एक मोकळा कुनी ठिवला?"

"मी. त्यावर शून्य कोरलंय. तिथं कोणी उभं राहायचं नाही म्हणून..."

"शून्य?" त्याने माझ्याकडे पाहिले. "तुमी आप्पांच्यातलं, कन्नड घरातलं न्हवं? कन्नड येत न्हाय व्हय तुमाला?"

"वाचता येत नाही."

"ह्यो वंद हाय, मास्तर. कन्नडातला एक. खाली फट दिसंना व्हय? ज्या दगडाला धनी न्हाय त्याच्यावर कुनीबी एक उभा करायचा म्हून एक. माजा आजा सांगायचा, समद्या थराला एक जागा तशी असती. ती मोकळी ठिवायची न्हाय."

"का?"

"का म्हंजे?" तो म्हणाला. "जागा केली की कोन तरी येतंयच की उभाराया. ह्या थराला आलं, म्हून तर त्यो हितंच ऱ्हायला."

"तिसरी हाक होऊ द्या, मल्लप्पा," शेठ खुर्चीवरून म्हणाले. "पोरी ताटकळल्यात."

"तिसरी मी देत न्हाय," मल्लप्पा म्हणाला. "तिसऱ्याला थर पास हुतो. मग ज्यो जितं उभारला ती जागा त्याची."

९

मी उठलो. अर्जात लिहिले होते, कोणीही चालेल. मग मीही चालणार होतो. गेल्या वर्षभरात माझ्या हातून तिच्यासाठी एवढी एकच गोष्ट सरळ होणार होती. वर्तुळाकडे दहाबारा पावले असतील. मागे शेठ कोणाला तरी म्हणाले, "सर आता काय करतायत?" आणि मला त्यांच्या त्या गमतीच्या सुराचा इतका राग आला की भीती वाटायला सवडच मिळाली नाही.

दगड मोकळा होता. उन्हाची तिरीप त्यावर पडली होती आणि वाटोळी खूण स्पष्ट दिसत होती. खालची फट झिजलेली नव्हती. छिन्नीने नीट सोडलेली होती.

मग मी सायराबानूकडे पाहिले. खडूची रेघ तिच्या पावलांपासून दीड हात दूर राहिली होती. ती आपल्या दगडाच्या पार पलीकडच्या कडेला गेली होती, अंग चोरून, वेणी पुढे ओढून घेऊन. दुसऱ्या बाजूची मुलगीही तशीच सरकलेली होती. कोणी सांगितल्याने नव्हे. गर्दीत थोराड माणूस शेजारी येऊन उभा राहिला की मुली सरकतात, तशा.

मी डावा पाय दगडावर ठेवला. तो टेकला, पण पुरता नाही. पुढे भार देता येईना. चार फूट रुंदीच्या, रिकाम्या, ऊन पडलेल्या दगडावर मला छाती पुढे नेता येईना. कशाला तरी लागली असे नव्हे. गाडीच्या दारात माणसे असली म्हणजे आपण न बघताच थांबतो, तसा मी थांबलो.

"सरका," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "ही माझ्या बायकोची जागा आहे."

माझा आवाज घुमला नाही.

"सर," सायराबानू हळूच म्हणाली, मोठ्या माणसांना सांगायचे तशा अदबीने, "हितं जागा न्हाय."

हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या खांद्यावरून वर गेली, डोक्यावरून वर गेली, नकाशाच्या खुंटीच्याही वर, छताकडे जात राहिली. मग तिने ती पटकन खाली आणली आणि आपल्या पायांच्या बोटांवर ठेवली.

हाक कोणी दिली नाही. माझा सोडून सोळा डावे पाय उचलले गेले.